मावशीची पिशवी आणि बहिणीचं खोकं

आपल्या माणसाला घरून पार्सल पाठवायचं ठरलं, की यादी करायला वेळ लागत नाही. खायला हे, अंगावर घ्यायला ते, हाताने केलेलं काहीतरी, शिवाय गंमत म्हणून चार वस्तू. कागद दोन्ही बाजूंनी भरतो. मी तो भरू देते आणि मग दुसरा कागद घेते. त्यावर दोनच प्रश्न असतात. खोकं वाटेत काय काय सोसणार? आणि ते उघडणारं माणूस त्या वेळी कोणत्या अवस्थेत असणार? पहिल्या यादीतल्या निम्म्याहून जास्त वस्तू या दुसऱ्या कागदापाशी अडतात. उरतं तेच करायला घ्यायचं. आपल्या हौसेवर सोडलं तर खोकं भरतं खरं, पण पलीकडच्या माणसाला त्यातलं काय वापरता येईल याचा विचार राहूनच जातो.

या खेपेला पार्सलं दोन होती. एक मावशीला. तिच्या गुडघ्याचा सांधा बदलला होता, नुकतीच घरी आली होती. ते देशातल्या देशात, दोन-चार दिवसांत पोचणारं. दुसरं धाकट्या बहिणीला. ती शिकायला परदेशी, वसतिगृहाच्या एका खोलीत. तिचं पार्सल विमानाने जाणार, सीमाशुल्कवाल्यांच्या हातांखालून जाणार आणि पोचायला आठवडे लागणार. दोन्ही एकदम करायला घेतल्यामुळे कळलं, की चिकटपट्टी सोडली तर या दोन कामांत सामाईक असं फारसं काही नाही.

मावशीला आधी फोन केला. काय पाठवू असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘अगं, काही नको, घरात सगळं आहे.’ हे सगळेच म्हणतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणून मी काय हवं ते विचारत नाही. दिवस कसा जातो ते विचारते आणि मग गप्प बसते. मावशी सांगत गेली. ‘सकाळी ते वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जाते. दोन्ही हात त्यात अडकलेले. चष्मा राहतो खाटेवर, फोन वाजतो आतल्या खोलीत. की पुन्हा मागे फीर. दिवसभर माझी वरात चालू असते बघ.’ पाठवायची वस्तू तिनेच सांगून टाकली होती. वॉकरला अडकवायची पिशवी.

शिवायला ती सोपी आहे, विचार लागतो तो मापांना. वॉकरच्या पुढच्या आडव्या दांडीची लांबी आणि तिचा घेर मी काकांकडून मोजून घेतला. त्यांना सांगितलं, टेप नसेल तर दोरा गुंडाळा आणि मग दोरा पट्टीवर धरा. पिशवी दांडीच्या बाहेरच्या अंगाला लटकायला हवी, आत आली तर पाऊल टाकताना गुडघ्याला लागते. आणि ती उथळच हवी. पिशवी खोल असली की माणूस ती भरत जातो, पुढे वजन वाढतं आणि उचलताना वॉकर पुढे कलंडतो. म्हणून पाण्याच्या बाटलीचा खिसा मी मुद्दाम ठेवला नाही. तीनच खिसे केले, एक चष्म्याला, एक फोनला, एक रुमाल आणि गोळ्यांच्या डबीला.

जाड सुती कापड आधी भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली आणि मगच कात्री लावली. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. पिशवी दोन थरांची असेल आणि एक थर दुसऱ्यापेक्षा जास्त आटला तर ती कायमची वाकडी होते. फोनचा खिसा फोनच्या उंचीपेक्षा दोन बोटं कमी ठेवला, म्हणजे वरचं टोक बाहेर राहतं आणि चिमटीत धरता येतं. खिशांच्या तोंडाशी जिथे ताण येतो तिथे टीप पुढे-मागे दोनदा मारली. चष्म्याच्या खिशाच्या काठाला गडद रंगाची पट्टी लावली. चष्मा शोधायचा असतो तेव्हा डोळ्यांवर चष्मा नसतो, ही गोष्ट वस्तू तयार करणाऱ्यांच्या फारशी लक्षात येत नाही. अडकवायला दोन रुंद पट्टे आणि त्यांना वेलक्रो.

मावशीच्या पहिल्या यादीत लोकरीचे मोजे होते. ते मी खोडले. गुळगुळीत फरशीवर हातविणीचा मोजा सरकतो, आणि नुकता सांधा बदललेल्या माणसाने घसरणं म्हणजे काय हे सांगायला नको. तळव्याला रबराचे ठिपके लावता येतात, पण धुण्यात ते सुटत गेले तर कळणार कुणाला? त्याऐवजी पलंगावर बसल्या बसल्या गुडघ्यांवर टाकायची छोटी चौकोनी पांघरणी विणली. तीही जमिनीला लोळणार नाही एवढीच, कारण वॉकरच्या पायात अडकणारी कुठलीच गोष्ट घरात नको. दुसरी खोडलेली वस्तू म्हणजे घरगुती काढ्याची पूड. सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून बहुधा काही दिवस रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतात, आणि वनस्पतींच्या पुडी-अर्कांतले काही घटक त्यांच्या कामात ढवळाढवळ करतात. औषधं चालू असलेल्या माणसाला औषधी म्हणून काहीही पाठवायचं नाही, हा माझा नियम आहे. कितीही साधं वाटलं तरी.

मावशीच्या पार्सलमधली मला सगळ्यात आवडलेली वस्तू मात्र कागदाची होती. तिला शब्दकोडी सोडवायचा नाद आहे. मी एक घरचं कोडं तयार केलं. आडवे शब्द, उभे शब्द, काळी घरं, सगळं रीतसर, फक्त सूचना सगळ्या आमच्या कुटुंबातल्या. ‘आजोबा चिडले की हा एकच शब्द (३)’, ‘मोठ्या मामाची न चालणारी वस्तू (४)’. आखायला संध्याकाळ गेली, कारण मराठीत घर अक्षरागणिक भरतं. काना-मात्रा अक्षरासोबत जातात, जोडाक्षर एकाच घरात बसतं, आणि आडव्यातला ‘की’ उभ्यातल्या ‘क’ला छेदू शकत नाही. घरातल्या माणसांची नावं एकमेकांना छेदतील अशी बसवताना दोन चुलतभावंडांना वगळावं लागलं. त्यांना हे अजून माहीत नाही. वजन शून्य, खराब होण्याचा प्रश्न नाही, आणि पडून असलेल्या माणसाचा एक तास जातो. उत्तरं वेगळ्या पाकिटात घालून ‘चार दिवसांनी उघड’ असं वर लिहिलं.

बहिणीच्या खोक्याची गोष्ट निराळी. तिथे खायचं हवंच, आणि खायचं म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा. पदार्थ ओला दिसतो की कोरडा यावर भागत नाही. त्यात जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी किती आहे हे पाहावं लागतं. खाद्यशास्त्रात ते ० ते १ या मापावर मोजतात. ०.६ च्या खाली जंतू आणि बुरशी दोन्ही वाढत नाहीत. ०.८५ च्या वर गेलं की रोग पसरवणाऱ्या जिवाणूंना वाव मिळू लागतो. कुरकुरीत बिस्किट ०.३ च्या आसपास असतं, मऊ केक ०.८ च्याही पुढे जाऊ शकतो. माझ्याकडे हे मोजायचं यंत्र अर्थातच नाही, पण एवढं माहीत असलं तरी निवड होते. मोडताना आवाज करणारं चालेल, दाबल्यावर दबणारं नाही. केक यादीतून गेला. क्रीम भरलेलं सगळं गेलं. लसूण किंवा ताज्या मिरच्या घातलेलं घरचं तेलही गेलं, आणि ते तर कुणीच पाठवू नये. हवा नसलेली, आंबटपणा नसलेली जागा बोट्युलिझम नावाच्या विषबाधेच्या जिवाणूला मानवते, आणि त्याचं विष वासाने वा चवीने ओळखू येईलच असं नाही. पिशवीतली हवा काढून ती सीलबंद केली की पदार्थ सुरक्षित झाला असं बरेच जण धरून चालतात. कोरड्या पदार्थाचं ठीक आहे, त्याचा खवटपणा लांबतो. ओलसर पदार्थाला मात्र हवाबंद करून आपण नको त्या जिवाणूचीच सोय करतो.

चॉकलेटवर काट मारताना वाईट वाटलं. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, आणि उन्हात उभ्या गाडीतल्या खोक्याला तेवढं तापायला वेळ लागत नाही. वितळून पुन्हा घट्ट झालं की वर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसते. ती बुरशी नव्हे, वर आलेली चरबी असते आणि खायला चालते. पण हे समजावणारी चिठ्ठी चॉकलेटसोबत जोडण्यापेक्षा ते न पाठवलेलं बरं.

मग देशाच्या नियमांची चाळणी. मांस, दूधदुभतं, ताजी फळं, बिया, मध यांवर अनेक देशांत बंदी नाहीतर निर्बंध असतात, आणि प्रत्येक देशाची यादी वेगळी. ती त्या त्या देशाच्या सीमाशुल्क किंवा टपाल खात्याच्या संकेतस्थळावर असते. तीच वाचायची, ओळखीच्या कुणाचं पार्सल गेल्या वर्षी सुखरूप पोचलं यावर विसंबायचं नाही. वस्तू नीट बसाव्यात म्हणून भोवती वाळलेलं गवत भरायची फॅशन आहे, तीही नको. गवत म्हणजे वनस्पतीच, त्यात बिया आणि किडे येऊ शकतात, आणि तपासणीत त्यापायी सगळं खोकं अडतं.

चाळणीतून उरली बिस्किटं आणि अख्खे भाजलेले दाणे. दाणे अख्खेच ठेवले, कारण तुकडे केले की तेलाला हवा जास्त लागते आणि ते लवकर खवट होतात. बिस्किटं नेहमीपेक्षा जरा पातळ लाटली आणि मंद आचेवर थोडी जास्त वेळ भाजली. भाजणं हा यातला सोपा भाग. धीर लागतो तो निवू देताना. हाताला कोमट लागत नाही म्हणून डब्यात भरलं की आतली उरलेली वाफ झाकणाला धरते आणि थेंब होऊन खाली येते. जाळीवर पसरून तळापर्यंत पूर्ण गार होऊ दिली. मग पत्र्याच्या डब्यात दोन-दोन पाठीला पाठ लावून, मध्ये बटर पेपर घालून उभी रचली. आडव्या चळतीत वरच्यांचा भार खालच्यांवर येतो, उभी रचली की एकमेकींना धरून राहतात. खाण्याच्या डब्यात चालणारी सिलिका जेलची पुडी घातली. ती घट्ट झाकणाच्या डब्यातच उपयोगी पडते. खोक्यात नुसती टाकली तर बाहेरची दमट हवा शोषून थोड्याच वेळात भरून जाते.

दाणे वेगळ्या डब्यात. साबण, सुगंधी मेणबत्ती असलं काही मी बिस्किटांसोबत घालतच नाही. पातळ प्लास्टिकमधून वास आरपार जातो आणि तूप-लोण्याचे पदार्थ तो ओढून घेतात. गुलाबाच्या वासाचं बिस्किट कुणाला हवं असतं?

तिने मागे कधीतरी तिथल्या थंडीने ओठ फुटतात म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यावर ओठांचा बाम करायला घेतला. मधमाशीचं मेण एक भाग, तेल तीन भाग, दोन्ही वजनावर, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवायचं. मेण ६२ ते ६५ अंशांच्या दरम्यान वितळतं, त्यामुळे ते प्रवासात टिकून राहतं. तेल कुठलं घेता यावर मात्र बरंच अवलंबून. खोबरेल २४-२५ अंशांनाच पातळ होतं, तेच जास्त घेतलं तर गरम गाडीत बाम मऊ पडतो. मी बदामाचं तेल जास्त घेतलं आणि खोबरेल नावाला. भांड्यात असतानाच दोन थेंब थंड चमच्यावर टाकून पाहिले, नखाने ओरखडा ओढला. फार मऊ वाटलं तर मेणाचा आणखी एक तुकडा घालायचा, कडक वाटलं तर थोडं तेल. डबी आणि चमचा ठणठणीत कोरडे हवेत. पाण्याचा अंश नसेपर्यंत यात जंतू वाढत नाहीत, पाणी शिरलं की हिशेब बदलतो.

आणि एक टोपी. स्वेटर नाही, कारण माप नीट कळायला समोर माणूस हवं, आणि आठ महिन्यांपूर्वीचं माप आजचं असेलच असं नाही. टोपी ताणली जाते, सांभाळून घेते. लोकर निवडताना मात्र मला मऊ, शुद्ध, सुंदर लोकर बाजूला ठेवावी लागली. वसतिगृहातलं यंत्र सगळे कपडे एकत्र घुसळतं, आणि साध्या लोकरीचे तंतू गरम पाण्यात घुसळले की एकमेकांत गुंतून आटतात. पहिल्याच धुण्यात ती टोपी बाहुलीची झाली असती. यंत्रात धुता येईल असा धागा घेतला, हातभर नमुना विणून तो धुऊन-वाळवून मोजला, मगच टाके घातले. बहिणीला नमुना-बिमुना काही कळणार नाही, पण टोपी कानांपर्यंत आली पाहिजे हे तिला नक्की कळेल.

आता माझी एक सवय सांगते, लोक हसतात तिला. खोक्यात जे जाणार त्या प्रत्येक खाण्याच्या आणि लावण्याच्या वस्तूचा एक जोडीदार मी घरी ठेवते. तशाच डब्यात, तशीच पुडी घालून, कपाटाच्या वर जिथे दुपारी तापतं तिथे. पार्सलला जेवढे दिवस लागतील तेवढे दिवस त्याला हात लावायचा नाही. मग उघडायचं, वास घ्यायचा, खाऊन बघायचं. पहिल्यांदा एखादा पदार्थ पाठवणार असाल तर ही तालीम आधी करावी, खोकं नंतर भरावं. दाणे मी एरवी मीठ-तिखट लावून पाठवले असते, पण तालमीत तिखटाचा रंग आणि चव दोन्ही उतरलेली आढळली. म्हणून ते नुसत्या मिठाचे गेले.

कपाटावरची मुदत संपेपर्यंत मी अशा पार्सलांच्या इतिहासात थोडी डोकावले. जिच्या नावावरून इंग्रजीत अशा खोक्यांना ‘केअर पॅकेज’ म्हणू लागले ती ‘केअर’ ही मदतसंस्था अमेरिकेत १९४५ साली, दुसरं महायुद्ध संपल्यावर स्थापन झाली. तिची पहिली खोकी ११ मे १९४६ रोजी फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरात उतरली. त्यात होता तो सैन्याचा शिल्लक शिधा, दहा सैनिकांच्या जेवणासाठी बांधलेला. पुढे संस्थेने स्वतःची खोकी बांधायला घेतली आणि मग त्यांत लोकर, कांबळी, तान्ह्या बाळांचे कपडे असे प्रकार आले. सैन्याला सोयीचं होतं ते आधी गेलं, घरांना काय लागतं ते नंतर उमगलं. माझ्या दुसऱ्या कागदाचा उगम कुठेतरी तिथेच असावा असं समजून मी स्वतःला उगीच मोठं करून घेतलं.

खोकं भरण्याकडे येते. नवं, कडक नालीदार पुठ्ठ्याचं घ्यावं. एकदा प्रवास केलेल्या आणि दमट हवेत राहिलेल्या खोक्याच्या कडा मऊ पडलेल्या असतात, आणि खोक्याचं बळ कडांतच असतं. आकाराबद्दल मात्र नीट गणित करावं. कुरियर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बऱ्याच ठिकाणी ५००० ने भागायची. ४० बाय ३० बाय २० चं खोकं आत कितीही हलकं असलं तरी ४.८ किलोचं धरलं जातं. माझं सामान अडीच किलोच्या आतलं होतं. टोपी डब्यांच्या मधल्या फटीत दाबून मी सगळं ३० बाय २२ बाय १८ मध्ये बसवलं. हिशेब २.४ किलोच्या आत आला. वस्तूंनाच वस्तूंचं पॅकिंग करायचं, ही यातली खरी गंमत.

जड डबे तळाशी आणि मधोमध, बाजूंना निदान पाच सेंटिमीटर मऊ भर. झाकण लावून खोकं हलवायचं. आतून काही हललं तर अजून कागद भरायचा. पार्सलांच्या प्रमाणित चाचणीत हलकी खोकी ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकतात, एक कोपरा, तीन कडा आणि सहा बाजू. मी जेवणाच्या टेबलावरून एका कोपऱ्यावर आणि एका बाजूवर टाकून पाहिलं. घरातल्यांना माझी काळजी वाटली. डबा उघडला तर दोन बिस्किटांचे कोपरे उडाले होते, म्हणून डब्याच्या झाकणाखाली कागदाची एक चुरगळलेली घडी दिली आणि परत टाकलं. या वेळी सगळी शाबूत. बांधताना पाच सेंटिमीटर रुंदीची चिकटपट्टी मधल्या फटीवर आणि दोन्ही टोकांच्या कडांवर, वर आणि खाली दोन्हीकडे. सुतळी नको, यंत्राच्या पट्ट्यांत ती अडकते. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाकावी, बाहेरचं लेबल निघालंच तर खोकं उघडणाऱ्याला ते कुणाचं ते कळेल.

भेटवस्तूचा चकचकीत कागद मी परदेशी पार्सलला लावत नाही. तपासणीत तो फाडला जातो आणि पोचतो त्या अवस्थेत पाहणाऱ्याला वाईट वाटतं. त्याऐवजी प्रत्येक डब्यावर नाव, केल्याची तारीख, आत दाणे किंवा गहू असेल तर तो उल्लेख आणि कधीपर्यंत संपवायचं ते. हे बहिणीसाठी कमी, तिच्या खोलीत येऊन डबा उघडणाऱ्यांसाठी जास्त. दाण्यांची ॲलर्जी असलेलं कुणीतरी त्यांत असूच शकतं.

टपालाने पाठवताना सीमाशुल्काचा फॉर्म असतो. सगळीकडचा नमुना सारखाच, कारण १८७४ पासून देशोदेशींची टपाल खाती एका आंतरराष्ट्रीय संघात बांधलेली आहेत. कमी किमतीच्या वस्तूंना सीएन २२, जास्तीला सीएन २३. ‘भेट’ असा एकच शब्द लिहून सुटका होत नाही. घरी भाजलेली गव्हाची बिस्किटं, इतकी, इतके ग्रॅम, अंदाजे किंमत, असं ओळीने लिहायचं. किंमत शून्य लिहू नये, घरी केलेल्या वस्तूलाही साहित्याची किंमत असतेच, आणि शून्य दिसलं की तपासणाऱ्याला शंका येते. अत्तर, नेलपॉलिश, फवाऱ्याचे डबे, सुटी पॉवर बँक यांचं नावही काढू नये, ज्वलनशील वस्तू आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या टपालात चालत नाहीत.

अचानक पार्सल पाठवून थक्क करायची हौस मला नाही. माणूस सुट्टीत बाहेर गेलेलं असतं, पार्सल टपाल कार्यालयात ठरावीक दिवस थांबतं आणि माघारी फिरतं. बहिणीला आधी सांगितलं, परीक्षा कधी, खोलीवर कधी असशील ते विचारलं, आणि आत काय आहे ते मात्र सांगितलं नाही. पत्र सगळ्यात वर ठेवलं. लांबलचक नाही, एका बाजूत मावेल एवढं. त्यात उपदेश नव्हता. घरातल्या दोन-चार फुटकळ बातम्या, शेजारच्या मांजरीने आमच्याच गच्चीवर पिल्लं घातली वगैरे. दूर राहणाऱ्या माणसाला मोठ्या बातम्या फोनवर कळतातच, निसटतात त्या या.

पोचल्यावर काय झालं ते थोडक्यात. बहिणीचा फोन आला तेव्हा तोंडात बिस्किट होतं, त्यामुळे पहिली दोन वाक्यं समजली नाहीत. ‘ताई, टोपी रूममेटने मागितली, मी दिली नाही. दाणे संपले. बाम त्या लहान डबीत नको, आडव्या खिशात उघडतो, नळी असते ना तशीत घाल पुढच्या वेळी.’ मी लिहून घेतलं. नळीत ओतायचं तर मेण थोडं वाढवावं लागेल, म्हणजे पुन्हा चमच्यावरचे थेंब आणि पुन्हा कपाटाच्या वरची तालीम.

मावशीने दोन दिवसांत कोडं सोडवलं. चार दिवस थांबायचं पाकीट तिने दुसऱ्याच दिवशी उघडलं होतं असं काकांनी सांगितलं, ती मान्य करत नाही. मोठ्या मामाची न चालणारी वस्तू सायकल नसून हार्मोनियम आहे यावर तिचं आणि माझं अजून एकमत नाही, आणि हार्मोनियम चार घरांत बसत नाही हे तिला पटत नाही. पिशवीबद्दल ती काही बोलली नाही म्हणून मीच विचारलं. ‘अगं, ती तर लावलेलीच असते. तुझा फोन उचलला तो कुठून काढला वाटतं तुला? ते राहू दे. शेजारच्या वहिनींनाही परवा वॉकर आलंय. त्यांची दांडी माझ्यापेक्षा जाड आहे, पट्टा दोन बोटं लांब ठेव. आणि त्या रात्री उठतात, तर वेलक्रोऐवजी बटण लाव, त्याचा आवाज होत नाही.’